गार लोण्याची पारी, सुरमईचे सारण

मासा आणि चीज एकत्र घालून केलेला खारा टार्ट मी आतापर्यंत दोनदा केला. पहिला गेल्या मे महिन्यात केला आणि तो साफ फसला. दुसरा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केला आणि तो पाहुण्यांपुढे ठेवण्याइतका जमला. मधल्या सात महिन्यांत मी कोणताही वर्ग लावला नाही, परंतु पहिला का फसला हा विचार पोळ्या लाटताना, दिवाळीच्या करंज्या करताना आणि मासे धुताना डोक्यात घोळत राहिला, आणि दर वेळी तो एकाच गोष्टीपाशी येऊन थांबे, ती म्हणजे पाणी. पिठात नको तेवढे गेलेले पाणी, माशाने सोडलेले पाणी आणि अंड्यांचे मिश्रण फुटून वर आलेले पाणी. या तिघांचा बंदोबस्त कसा केला, तेवढेच येथे सांगायचे आहे.

टार्ट म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर पसरट, उघड्या तोंडाची आणि तळण्याऐवजी भाजलेली करंजी. मैदा-लोण्याची पारी साच्यात बसवायची आणि तिच्यात सारण भरून भट्टीत भाजायची. फ्रान्समधील लोरेन प्रांतात अंडी, साय आणि खारवलेले डुकराचे मांस घालून करतात त्या ‘कीश’चा हा भाऊबंद आहे. आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत राहतो. आमच्या शेजारी राहणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या आंटींनी एका नाताळात त्याची एक फोड बशीत घालून पाठवली होती. कॅम्पातल्या बेकऱ्यांचे पॅटिस आणि खारी खात लहानाची मोठी झालेल्या मला वाटले होते की ही पारीही तशीच पदर सुटलेली असेल. पण ही वेगळीच होती, नानकटाईसारखी तोंडात विरघळणारी आणि तरीही सारणाचे ओझे पेलणारी. आंटींना कृती विचारली तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, “मैद्याच्या निम्मं लोणी, आणि हात गार ठेव.” दुसऱ्या अटीकडे मी मे महिन्यात दुर्लक्ष केले.

त्या पहिल्या प्रयत्नाची हकिकत लांबवण्यासारखी नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असले, आणि येथील हवेचे कौतुक सगळीकडे होत असले, तरी मे महिन्याच्या दुपारी स्वयंपाकघरात लोणी ओट्यावर ठेवले की पाहता पाहता मऊ पडते. शिवाय ते लोणी घरी घुसळलेले होते. घरच्या लोण्याची चव बाजारच्या लोण्याला नाही हे खरे, पण कितीही धुऊन पिळले तरी त्यात ताकाचा आणि पाण्याचा अंश बराच राहतो. मैद्यात ते चोळू लागताच पीठ तेलकट झाले, म्हणून मी आणखी मैदा घातला; मग ते कोरडे वाटले, म्हणून पाणी घातले; आणि मग सवयीने, पोळ्यांची कणीक मळावी तसे ते चांगले तिंबून घेतले. पारी साच्यात बसवली ती भाजताना आक्रसून कडेवरून खाली उतरली. सुरमईचे तुकडे कच्चेच टाकले, चीज भरपूर घातले आणि माशालाही सवयीने मीठ लावले. तयार झालेल्या वस्तूच्या कडा करपल्या होत्या, तळ ओल्या घडीच्या पोळीसारखा लिबलिबीत होता आणि वर पाणी तरंगत होते. यजमानांनी वरचे सारण चमच्याने खरवडून खाल्ले आणि “आम्लेट छान झालंय, जरा खारट आहे” असे म्हणून विषय संपवला.

लगेच पुन्हा करून पाहावे असे फार वाटत होते, पण आमच्याकडच्या पंचांगात त्याला जागा नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत चांगली सुरमई मिळणे कठीण आणि मिळाली तर भाव विचारण्याची सोय नाही. ती बंदी उठते न उठते तोच श्रावण, त्यामागून गणपती, मग पितृपक्ष आणि नवरात्र. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न लागले आणि हवेत गारवा आला, तेव्हा मी पुन्हा ओव्हनवरचे कापड काढले.

आणखी एक अडचण होती ती सासूबाईंची. मासे त्या आवडीने खातात, परंतु माशाबरोबर दूध हा शब्द काढलेलाही त्यांना चालत नाही. “दूध आणि मासा एका ताटात घ्यायचा नसतो ग, कोड येतं,” हे त्यांनी मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. ही समजूत त्यांच्या पदरची नाही. चरकसंहितेत विरुद्ध आहाराची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत दूध आणि मासे यांची जोडी आहेच. आजचे वैद्यकशास्त्र मात्र कोडाचा संबंध त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होण्याशी जोडते आणि त्यात मासे-दुधाला दोषी धरत नाही. हे मी त्यांना एकदा समजावून सांगितले होते. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या ताटातली दह्याची वाटी उचलून बाजूला ठेवली. त्यामुळे या खेपेला मी वाद घातला नाही. टार्ट त्यांच्यासाठी नाही एवढे आधीच सांगून टाकले आणि त्यांच्यासाठी त्याच सुरमईचे दोन तुकडे रव्यात घोळवून तळायला वेगळे काढले.

सकाळी लवकर कॅम्पातल्या मासळीबाजारात गेले. बेळगावला समुद्र नाही, पण घाटाखाली तो फार दूरही नाही. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याची मासळी येते, आंबोलीच्या घाटाने वेंगुर्ला-मालवणकडची येते आणि कारवारचीही येते. माझ्या नेहमीच्या मावशींनी मला पाहताच सुरमईच्या पोटावर पाण्याचा हबका मारला. “अक्का, इसवण बघा, कल्ले बघा. रातच्याला घाटातनं आलीया.” सुरमईला इकडे इसवण म्हणणारे पुष्कळ आहेत. मी कल्ले उघडून पाहिले, ते लालभडक होते. पोटावर बोट दाबले, ते खळगा न राहता वर आले. रावसही होता. इंग्रजी पाककृतींत टार्टसाठी सामन मासा सांगितलेला असतो आणि आपल्याकडच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात, त्यामुळे क्षणभर मोह झाला. पण रावसाचे आणि सामनचे नावापलीकडे नाते नाही, आणि त्या दिवशीचा रावस डोळ्यांनी मंद होता. हिडकल धरणाकडचा कटला निम्म्या भावात मिळाला असता, परंतु त्याच्या मांसात सर्वत्र पेरलेले बारीक दुभंगलेले काटे वेचत बसणे आणि तरीही एखादा पाहुण्याच्या घशात जाणे, हा धोका मला पत्करायचा नव्हता. अर्धा किलो सुरमईच्या जाड तुकड्या करून घेतल्या. काटे काढून नुसते मांस द्या असे म्हटले असते तर मावशींनी दिलेही असते, पण शिजल्यावर मधला काटा आणि कातडी अलगद सुटतात आणि मांस वाया जात नाही, हे मला सुरमईचे कालवण करताना माहीत झाले होते.

आता पारीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरी गोम तिच्यातच आहे. करंजीच्या पारीला आपण कडकडीत मोहन घालतो. तापलेले तूप मैद्यावर ओतले की ते पिठाच्या कणाकणाला माखते, मूठ वळून पाहिली की मुटका बसतो, आणि मग पाण्याने भिजवले तरी पीठ पूर्वीइतके चिवट होत नाही, कारण मैद्यातील प्रथिनांना पाणी मिळून त्यांची जी ताणली जाणारी जाळी होते तिच्या आड तूप येते. टार्टच्या पारीतही काम तेच आहे, पण वाट उलटी आहे. येथे स्निग्धांश गार आणि घट्ट ठेवून पिठात चोळायचा असतो, म्हणजे त्यातला काही भाग कणांना माखतो आणि काही भाग मसुरीच्या डाळीएवढ्या तुकड्यांनी पिठात तसाच राहतो. भट्टीत गेल्यावर ते तुकडे वितळतात, त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि पारी खुसखुशीत होते. लोणी आधीच वितळले तर पीठ सगळीकडे सारखे माखले जाते आणि पारी दगडासारखी नाही झाली तरी जड होते. हे समजल्यावर मे महिन्यात माझे काय चुकले ते सांगायला कोणी लागले नाही.

या खेपेला मी बाजारचे बिनमिठाचे लोणी घेतले, अडीचशे ग्रॅम मैद्याला सव्वाशे ग्रॅम. त्याचे छोटे चौकोन कापून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले आणि मैद्याची परातही शेजारी ठेवली. फ्रीजमध्ये परात ठेवलेली पाहून घरात एकदोन शेरे आले. पहाटेच्या थंडीत स्वयंपाकघराची फरशी पायाला झोंबत होती आणि मला त्याचा पहिल्यांदाच आनंद झाला. चिमूटभर मीठ घालून लोणी फक्त बोटांच्या टोकांनी चोळले. तळहात लावला नाही, कारण तळहाताची ऊब लोण्याला पुरते. पीठ जाडसर रव्यासारखे दिसू लागल्यावर एका अंड्याचा बलक आणि बर्फाचे पाणी घातले. पाणी एकेक चमचा करून घातले. तीन चमचे झाल्यावर मूठ वळली, तेथे थांबले. गोळा गुळगुळीत नव्हता, त्याला भेगा होत्या, आणि त्याला मळून सारखा करण्याची हाताला जी ओढ लागली ती आवरणे हे त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम होते. चपटा करून, झाकून तो तासभर फ्रीजमध्ये ठेवला. तेवढ्या वेळात पीठ पाणी सारखे ओढून घेते, ताण सैल पडतो आणि मग साच्यात पारी आक्रसत नाही.

लाटताना दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटले, म्हणजे वरून कोरडा मैदा लावावा लागला नाही. २३ सेंटिमीटरचा, सुट्या तळाचा साचा होता. पारी त्यात बसवून कोपऱ्यांत बोटाच्या पेराने दाबली, कडेला अर्धा बोट जास्त ठेवून बाकीची कापली आणि कापलेल्या पट्ट्या पुन्हा फ्रीजमध्ये टाकल्या. तळाला काट्याने टोचे मारले, वर बटर पेपर घालून दोन वाट्या कोरडे हरभरे पसरले आणि २०० अंश सेल्सियसला आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे भाजले. सारणाशिवाय पारी भाजून घेण्याचा हा उपद्व्याप मी मे महिन्यात वेळेचा अपव्यय समजून टाळला होता. हरभऱ्यांचे ओझे नसेल तर तळ फुगतो आणि कडा खचतात. पंधरा मिनिटांनी हरभरे काढून आणखी सात-आठ मिनिटे, तळ कोरडा आणि फिकट बदामी होईपर्यंत भाजली; मग बाजूला राहिलेला अंड्याचा पांढरा भाग ब्रशने आतून फिरवला आणि दोन मिनिटे पुन्हा आत ठेवली. तो पांढरा थर आवळून बसतो आणि वरचे ओले सारण पारीत झिरपू देत नाही. ते हरभरे आता भिजत नाहीत आणि शिजतही नाहीत. एका डब्यात ‘ओव्हनचे’ अशी चिठ्ठी लावून ठेवले आहेत, नाहीतर त्यांची उसळ करायला कोणीतरी घेईल.

माशाचे पाणी काढायला मोदकपात्र कामी आले. तुकड्यांना अगदी नावापुरते मीठ आणि लिंबाचे चार थेंब लावून सहा मिनिटे वाफवले. चाळणीखाली जवळजवळ अर्धी वाटी पाणी जमले होते. हेच पाणी मागच्या वेळी टार्टमध्ये होते, हे पाहून मला एखाद्या जुन्या हिशेबातली चूक सापडावी तसे समाधान झाले. (ते फेकले नाही, संध्याकाळच्या आमटीत गेले.) मासा कोमट झाल्यावर कातडी ओढून काढली, मधला काटा सोडवला आणि मोठ्या पाकळ्या वेगळ्या करून स्वच्छ पंचावर पसरल्या. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास मांस निघाले. एक मध्यम कांदा चमचाभर तेलात, रंग न येऊ देता, पूर्ण कोरडा होईपर्यंत परतला.

सुवासासाठी शेपू घातला. शेपूचे नाव काढताच आमच्या घरी तोंडे फिरतात, आणि मूगडाळ घालून केलेली त्याची भाजी माझ्याही विशेष प्रेमाची नाही. बाजारात कन्नड बोलणाऱ्या भाजीवाल्या त्याला ‘सब्बसिगे’ म्हणून हाक देतात. पण युरोपातल्या थंड प्रदेशांत माशाबरोबर शेपूच घालतात, आणि कच्चा, कोवळा, बारीक चिरलेला, दोन चमच्यांपुरता घातला तर तो भाजीतल्या शेपूसारखा अंगावर येत नाही. देठ काढून टाकले आणि पाने धुऊन फडक्यात कोरडी केली.

चीजच्या बाबतीत मला एक मत नोंदवायचे आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारे प्रक्रिया केलेले चीज यासाठी वाईट नाही. त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते तापल्यावर तेल सोडत नाही आणि सारण एकजीव ठेवते. परंतु ते खारट असते आणि त्याला स्वतःची अशी फारशी चव नसते. मोझरेला तर टाळावेच, कारण त्याच्या तारा निघतात आणि सुरमईच्या पाकळ्या त्यांत अडकून सुरीबरोबर ओढल्या जातात. म्हणून मी साध्या चीजचे २५ ग्रॅमचे तीन क्यूब आणि ६० ग्रॅम मुरलेले चेडर किसून घेतले. सारणात वेगळे मीठ अजिबात घातले नाही.

तीन अंडी, टेट्रापॅकमधील २०० मिलिलिटर क्रीम आणि पाव वाटी दूध चमच्याने हलवून एक केले. फेटले नाही, कारण फेस झाला की वर बुडबुड्यांची जाळी येते. त्यात मिरपूड, लिंबाच्या सालीचा जरासा कीस आणि अर्धे चीज घातले. तयार पारीत आधी कांदा, त्यावर मासा, त्यावर शेपू घालून मग हे मिश्रण हळूहळू ओतले आणि उरलेले चीज वर भुरभुरले. ओव्हन १७० अंशांवर आणला होता. अंडी आणि सायीचे असे मिश्रण ८० अंशांच्या जवळपास बसते; त्याच्या फार पुढे गेले की अंड्यातील प्रथिने आवळत जातात आणि धरून ठेवलेले पाणी बाहेर टाकतात, दही हलवल्यावर निवळ सुटते तसे. म्हणून आच मंद ठेवायची आणि घाई करायची नाही.

विसाव्या मिनिटाला वीज गेली. मी ओव्हनच्या दाराला हात लावला नाही आणि कोणाला लावू दिला नाही. बारा मिनिटांनी वीज आली, तोवर आतली ऊब बरीच टिकून होती. पुढे आणखी पंधरा मिनिटे लागली. साचा हलवून पाहिला तेव्हा कडेचे सारण बसले होते आणि मध्यभागी वाटीएवढा भाग खरवसासारखा थरथरत होता. तेव्हाच बाहेर काढला. मध्यभाग घट्ट होईपर्यंत वाट पाहिली असती तर बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने तो शिजत राहिला असता आणि पुन्हा पाणी सुटले असते.

वीस मिनिटे तो तसाच ठेवला. मग साचा एका उलट्या डब्यावर ठेवून बाहेरचे कडे खाली सोडले आणि टार्ट एकटा वर उभा राहिला. सुरी घातल्यावर पारीतून कोरडा, बारीक आवाज आला. पहिली फोड उचलून मी सर्वांत आधी तिचा तळ पाहिला: फिकट बदामी, कोरडा, बोटाने टकटक केली तर वाजणारा. चव घेताना प्रथम लोणी जाणवते, मग चेडरचा आंबूस खारेपणा, आणि सुरमई शेवटी, सौम्यपणे येते. माझ्या जिभेला ती जरा जास्तच सौम्य वाटली. तिरफळ आणि आमसुलांवर वाढलेल्या माणसाला माशाने असे मवाळ बोललेले ओळखीचे वाटत नाही, आणि पुढच्या वेळी हिरवी मिरची घालणार आहे. शेजारच्या आंटींना दोन फोडी पाठवल्या. बशी परत आली तिच्यात केकचा तुकडा होता आणि तोंडी निरोप होता की कडा आणखी पातळ लाट. उरलेल्या फोडी दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये न घालता मंद तव्यावर झाकण ठेवून गरम केल्या, तेव्हा तळ पुन्हा कुरकुरीत झाला.

कापून ठेवलेल्या पट्ट्यांवर ओवा आणि जिरे दाबून त्याही भाजून घेतल्या होत्या. सासूबाईंनी टार्टकडे पाहिलेसुद्धा नाही, पण दुपारच्या चहाबरोबर त्या पट्ट्या एकेक करत सगळ्या संपवल्या. शेवटची हातात धरून त्यांनी विचारले, “यात मोहन किती घातलंस?” मी म्हटले, “अडीचशे ग्रॅम मैद्याला सव्वाशे ग्रॅम लोणी.” त्यांनी पट्टी उजेडात धरून तिचा तुटलेला कडा न्याहाळला आणि म्हणाल्या, “एवढं करंजीला घातलं असतंस तर तळणीत करंजी सापडली नसती.”